धुळीची बदली

आमच्या घरातून धूळ जात नाही, तिची फक्त बदली होते. सकाळी ती टीव्हीवर असते. फडकं झटकलं की सोफ्यावर रुजू होते, सोफा बडवला की पुस्तकांच्या कपाटावर जाते आणि दुपारच्या चहापर्यंत मूळ जागी हजर. निवृत्तीचं वय तिला नाहीच.

बाहेरच्या धुळीबद्दल मी बोलत नाही. पुण्यात राहायचं तर ती भाड्यातच धरलेली असते. आमच्या गल्लीतला रस्ता पाण्याच्या लाइनसाठी खणतात, बुजवतात आणि डांबर थंड व्हायच्या आत केबलवाल्यांना काहीतरी आठवतं. पण ती धूळ निदान सार्वजनिक आहे. माझं भांडण घरगुती उत्पादनाशी आहे, कारण घरात दोन मुलं, एक लॅब्रेडॉर आणि एक मांजर आहे.

पाहुणा कितीही बडा असो, आमच्याकडे चपला दाराबाहेर काढतो. गुंड्याला हे कोण सांगणार? तो वेताळ टेकडी चारही पायांना लावून आत येतो. ओलं फडकं घेऊन पाय पुसायला बसावं, तर त्याला वाटतं रस्सीखेच सुरू झाली. त्यात लॅब्रेडॉरच्या अंगावर केसांचे दोन थर: वर राठ केस, खाली मऊ लव. ही लव वर्षातून दोनदा भरभरून गळते म्हणतात. बाकीच्या दिवसांत ती नुसती गळते.

याला घरात न विंचरता गच्चीवर विंचरावं, ही कल्पना नवऱ्याची. कल्पना शास्त्रशुद्ध होती. फक्त एप्रिल महिना होता, वारा सुटला होता आणि पलीकडे खालच्या काकूंच्या कुरडया वाळत होत्या. संध्याकाळी काकू ताट घेऊन दारात आल्या. एक कुरडई त्यांनी उजेडात धरली आणि चिमटीने तिच्यातला एक सोनेरी केस सावकाश ओढून काढला. बराच लांब निघाला. ‘ही तळल्यावर फुलायची नाही,’ एवढंच म्हणाल्या आणि ताट ठेवून गेल्या.

मांजराचं प्रकरण त्याहून अवघड. धाकटा सकाळी उठल्याउठल्या ओळीने शिंका द्यायला लागला, तेव्हा आमच्या डॉक्टरांनी सांगितलं की त्रास केसांचा नसतो. मांजराच्या लाळेत आणि कातडीवरच्या तेलकट स्रावात एक प्रथिन असतं. मांजर अंग चाटतं, लाळ वाळते आणि तिचे बारीक कण हवेत तरंगत राहतात. म्हणजे घरात दिवसभर मन लावून स्वच्छता करणारी एकटी मनी, आणि शिंका तिच्याच स्वच्छतेने. केरसुणीचंही तेच. ती जेवढी जोरात फिरते, तेवढी बारीक धूळ उठून नाकासमोर येते.

खिडकीतून कवडसा आला की ही सगळी मंडळी त्यात नाचताना दिसतात. आमचे अण्णा, म्हणजे सासरे, संस्कृतचे निवृत्त शिक्षक. त्यांनी एकदा माहिती दिली की कवडशातल्या कणाला त्रसरेणू म्हणतात, मनुस्मृतीत ते सगळ्यांत लहान माप आहे आणि आठ त्रसरेणूंची एक लिक्षा.

‘लिक्षा म्हणजे?’

‘लीख.’

थोरलीच्या शाळेत तेव्हा साथ चालू असल्यामुळे दोन्ही मापं घरात उपलब्ध होती. एवढं सांगून अण्णांनी पेपर उघडला आणि पाय वर घेतले, कारण मला त्यांच्या खुर्चीखालचा केर काढायचा होता. धूळ मोजणारे आणि धूळ पुसणारे आपल्याकडे मनूपासूनच वेगळे असावेत.

नवऱ्याने हवा शुद्ध करणारं यंत्र आणलं. त्यातला हेपा फिल्टर 0.3 मायक्रॉनचे 99.97 टक्के कण अडवतो, हे त्याने खोक्यावरून मोठ्याने वाचून दाखवलं. अडवतही असेल. पण ते यंत्र हवेतल्या धुळीपुरतं. खाली बसलेली धूळ त्याच्या अखत्यारीत येत नाही. मनी त्याच्या जाळीवर झोपते, त्यामुळे हवेतलीही हल्ली येत नसावी.

सासूबाईंचा यंत्रांवर विश्वास नाही, गाद्या उन्हात घालण्यावर आहे. यात त्यांचं चुकत नाही. गादीत पाव मिलिमीटरचे माइट असतात. ते आपल्या अंगावरून झडलेल्या कातडीच्या कोंड्यावर जगतात आणि त्यांना दमट हवा लागते. ऊन दिलं की गादी कोरडी होते आणि त्यांचे हाल होतात. चादरी साठ अंश तापमानाच्या पाण्यात धुतल्या तर ते मरतातच. पावसाळ्यात रस्त्यावरची धूळ बसते म्हणून हुश्श करावं, तर नेमकी ह्यांची सुगी सुरू होते आणि ऊन गायब.

खरं काम करतं ते ओलं फडकं, वरून खाली. आधी पंखा, मग कपाटं, शेवटी फरशी. पंख्याच्या पात्यावर जुना अभ्रा चढवून ओढला की धूळ अभ्र्यातच राहते. हा क्रम मी कामाच्या मावशींना पाठ करून दिला आहे. फरशी लख्ख पुसून झाली, बादली ओतली, की त्या पदर खोचत विचारतात, ‘ताई, आज पंखा पुसायचा होता ना?’

राहिली संध्याकाळ. तिन्हीसांजेला केर काढला तर लक्ष्मी जाते, हा सासूबाईंचा कायदा. गुंड्या फिरून येतो तिन्हीसांजेलाच, आणि हॉलच्या मधोमध उभा राहून कानापासून शेपटीपर्यंत अंग झाडतो. धाकट्याने खोडरबराचा चुरा तिथेच पाडलेला असतो. मी सगळं पायाने कोपऱ्यात सारते.

‘लोटलंस?’ आतून आवाज येतो.

‘नाही आई, गोळा केलंय.’

तेवढ्यात मनी येते, त्या ढिगावर ऐसपैस बसते आणि अंग चाटायला घेते.