दोन नायक आणि एक खोली

प्रेमकथेला अडथळा लागतो. मुलीचा बाप, जात, पत्रिका, परगावी झालेली बदली, काहीच सुचलं नाही तर क्षयरोग. एवढ्या सामानावर मराठी कादंबरीने कितीतरी पिढ्यांचे डोळे ओले केले. मी धाराशिवात बसून दोन पुरुषांची प्रेमकथा लिहायला घेतली, तर पहिल्याच प्रकरणात पंचाईत झाली. अडथळाच सापडेना.

नायकांना खोली हवी होती. मुलगा आणि मुलगी असते तर घरमालकाने जिन्यावरूनच वाटेला लावलं असतं. पण भाडेकरू दोन मुलं म्हटल्यावर कडकातला कडक घरमालक विरघळतो. ‘पोरी आणायच्या नाहीत’ एवढी एकच अट, आणि ती माझ्या नायकांना मनापासून मान्य. तिसऱ्या प्रकरणात तर घरमालकीणबाई दोघांना येळवशीला शेतात घेऊन गेल्या आणि भज्जी, आंबील, उंडे आग्रह करकरून वाढले. मी लेखक म्हणून हतबल.

बाहेरही तीच तऱ्हा. तुळजापूरच्या गर्दीत दोन गडी करंगळीत करंगळी अडकवून चाललेत, मोटारसायकलवर मागचा पुढच्याच्या खांद्यावर हनुवटी टेकून बसलाय, कुणी ढुंकून बघत नाही. मग मी एसटी स्टँडसमोरच्या टपरीवर बसून हात बघायची सवय लावून घेतली. लिहिण्याआधी लोक उदबत्ती लावतात, मी चहा सांगतो आणि हात बघतो. त्यात एक गोष्ट ध्यानात आली. ओळखीचं माणूस समोर आलं तरी दोस्तांचे हात सुटत नाहीत, त्यांच्या ते गावीही नसतं. ज्यांचा हात झटकन सुटतो आणि उगाच खिशात मोबाईल शोधू लागतो, ते माझे नायक. अडथळा सापडला. घरमालकापेक्षा तो फार जवळ राहत होता.

या वाटेवर मोठी माणसं आधी चालून गेलीत. सचिन कुंडलकरांनी ‘कोबाल्ट ब्लू’ लिहायला घेतली तेव्हा ते विशीत होते. बाविसाव्या वर्षी ती हातावेगळी केली, आणि 2006 साली मौजेने छापली. पुण्यातलं मध्यमवर्गीय घर, वरच्या खोलीत पेइंग गेस्ट, आणि त्याच्या प्रेमात पडलेले भाऊ-बहीण दोघंही. पुण्यातल्या वाचकाला यातलं जास्त धक्कादायक काय वाटलं असेल, समलिंगी प्रेम की पेइंग गेस्टला दिलेली मोकळीक, हे सांगणं अवघड आहे. पुढे जेरी पिंटोंनी ती इंग्रजीत नेली, आणि 2022 मध्ये कुंडलकरांच्याच हातून चित्रपट आला तेव्हा घर उचलून थेट फोर्ट कोचीला गेलं.

मी त्या पुस्तकाकडे मात्र चोराच्या नजरेने बघतो. दोन पुरुषांचा प्रेमप्रसंग लिहायला बसलं की वाक्य असं होतं: ‘त्याने त्याचा हात त्याच्या हातात घेतला.’ खोलीत माणसं दोनच, पण वाक्यात तिसरा कोणीतरी शिरलाय असा संशय येतो. दर वेळी नावं घालावीत तर हजेरी घेतल्यासारखं वाटतं. कुंडलकरांच्या कादंबरीतला भाऊ तनय निघून गेलेल्या प्रियकराशी सरळ ‘तू’ म्हणून बोलतो. सगळी गर्दी एका फटक्यात बाहेर! आणि तो ‘तू’ पुस्तकभर बिननावाचा. मी ही युक्ती उचलणार होतो, पण माझे नायक एकमेकांना सोडून जायला तयार नाहीत. समोर बसलेल्या माणसाला कोण एवढं लांबलचक सांगत बसणार?

पावसाळ्यात अडलं की नळदुर्गला जातो. किल्ल्यात बोरी नदीवर आदिलशाहीतला बंधारा आहे, बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल, आणि नदी भरली की भिंतीवरून दोन धबधबे कोसळतात. एकाचं नाव नर, दुसऱ्याचं मादी. आपल्याकडे पाण्यालाही स्थळ बघून दिलेलं आहे. तिथे सगळं जग फोटो काढतं. मी भिजत उभा राहतो आणि यातला नर कोणता हे दर वेळी नव्याने विचारून घेतो, कारण नुसतं बघून ओळखू येत नाही.

खरा घोर शेवटाचा. तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ 1981 साली रंगभूमीवर आलं, रोहिणी हट्टंगडींनी बाईवर प्रेम करणारी मित्रा उभी केली, आणि मित्राने शेवटी जीव दिला. त्या काळी ते खरंही असेल. पण मी शोकांतिका लिहायला बसलेलो नाही. मला शेवटी मुंडावळ्या हव्यात, रुसणारी आत्या हवी. 6 सप्टेंबर 2018 ला सर्वोच्च न्यायालयाने कलम 377 मधला गुन्हा काढला तेव्हा वाटलं, झालं, शेवटचं प्रकरण सुटलं. 17 ऑक्टोबर 2023 ला पाच न्यायमूर्तींनी लग्नाचा हक्क काही दिला नाही. नायिकेचा बाप एक वेळ मनवता येतो, घटनापीठाला कसं मनवणार?

लिहिलेलं मी तेरला आतेबहिणीकडे नेतो. गोरोबाकाकांचं गाव ते. त्यांनी थापटणं घेऊन संतांची डोकी तपासली आणि नामदेवांना कच्चं मडकं ठरवलं. समीक्षेचा धंदा मराठीत तिथूनच सुरू झाला असं माझं मत आहे. ताई शाळेत शिकवते. भाजी निवडता निवडता ऐकते आणि मध्येच थापटणं बसतं.

“एवढी पानं झाली, ही पोरं जेवायलीत कधी?”

“प्रेमात आहेत, ताई.”

“मग? प्रेमातली माणसं जास्त जेवतात.”

घरी येऊन मी दोघांपुढे गुलाबजामची प्लेट ठेवली. भूम भागातला खवा, त्यामुळे प्रकरणाला आपोआप वजन आलं. एक जण पाकातला शेवटचा अर्धा तुकडा दुसऱ्याकडे सरकवतो. मी चार पानं खपवून जे सांगत होतो ते तिथे होऊन गेलं, म्हणून ती चार पानं काढून टाकली.

परवा शेवट वाचून दाखवला. ताईने चष्मा काढला.

“लग्न करता येत नाही म्हणतोस, बरं. पण भाड्याच्या खोलीत किती दिवस ठेवणार लेकरांना? घर घेऊन दे की.”

तेव्हापासून मी गृहकर्जात अडकलोय. समलिंगी जोडप्यांना संयुक्त खातं उघडता येतं, जोडीदाराला नॉमिनी नेमता येतं, हे केंद्राच्या अर्थखात्याने ऑगस्ट 2024 मध्ये स्पष्ट केलंय. म्हणजे खात्यापर्यंत कथानक बिनधोक जातं. नायकांचे दोन पगार धरून हप्ताही बसतोय. आता सहअर्जदाराशी नातं कोणतं, त्या रकान्यात दोघं काय लिहितात ते बघायचंय. थोरला ‘मित्र’ लिहायला तयार आहे. धाकटा पेन टेबलावर ठेवून बसलाय, आणि काउंटरवरच्या बाईंची जेवणाची सुट्टी दहा मिनिटांवर आलीय.