हस्तकलेच्या प्रदर्शनातून रिकाम्या हाताने कसे परतावे

जालना एमआयडीसीत भंगाराचा ट्रक काट्यावर चढला की आपली नजर आकड्यावरून हलत नाही. दहा किलोचा फरक पडला तरी आपण ड्रायव्हरला खाली उतरवतो. कुणाचा ओव्हरटाइम किती झाला, तेही तोंडपाठ. अशा व्यवहारी माणसावरही घरच्यांच्या हट्टापायी संभाजीनगरला हस्तकलेच्या प्रदर्शनाला जायची पाळी येतेच. घाबरू नका. समृद्धीवरून तासाभरात पोहोचाल, आणि पुढच्या सूचना पाळल्यात तर एक रुपयाही न मोडता ‘कलेची जाण असलेले गृहस्थ’ म्हणून परत याल.

1. खादीचा झब्बा घाला. विकत काही घ्यायचं नसलं की पोशाखाला महत्त्व येतं.

2. पहिला मुक्काम पैठणीच्या स्टॉलवर. इथे तज्ज्ञ व्हायला दोन मिनिटं पुरतात. पदर उचला आणि उलटा करा. हातमागाच्या पैठणीत नक्षीचा एकेक रंग वेगवेगळ्या तिल्लीवरच्या धाग्याने भरलेला असतो, त्यामुळे मोर पुढून दिसतो तसाच मागूनही दिसतो. यंत्रमागाच्या नकलेत मागच्या बाजूला धाग्यांचा पसारा असतो, नाहीतर ते कापल्याच्या खुणा. ही माहिती मोठ्याने सांगा, आणि शक्यतो विणकरालाच सांगा. बिचाऱ्याला ठाऊक नसेल.

माल अस्सल निघाला तर डगमगू नका. ‘येवल्याला स्वस्त मिळते’ म्हणा. तो येवल्याचाच निघाला तर ‘पैठणला’ म्हणा. शेजारी पैठणचाही बसलेला असेल तर ‘सुरतेला’. सुरतेचा माणूस तिथे सहसा नसतो.

मग विणायला किती दिवस लागले ते विचारा. महिना-दीड महिना म्हणेल; पदर भरगच्च असेल तर सहा-आठ महिनेही सांगेल. खरा धोका इथे आहे. तुमचा जन्म हिशेबात गेलेला. दिवसाचे इतके तास, रेशीम इतकं, जर इतकी, अशी गणती डोक्यात आपोआप सुरू होईल. ताबडतोब थांबवा. मजुरीचा आकडा तुमच्या मिलमधल्या हेल्परच्या रोजाशेजारी जाऊन बसला, तर रात्री घास गिळणार नाही. पटकन विचारा, ‘भाऊ, फायनल किती?’

3. आता हिमरूकडे वळा. उलटी करून बघायची विद्या नुकतीच आली आहे, ती वाया घालवू नका. शाल उलटा. मागे मोकळे धागे दिसतील. ‘डुप्लिकेट!’ असं जाहीर करा. हिमरूत नक्षीच्या जादा बाण्याचा धागा मागे मोकळाच राहतो आणि कापडाला मऊपणा, ऊब त्यानेच येते, हे विणकर समजावू लागेल. तोवर तुम्ही पुढच्या स्टॉलवर पोहोचलेले असा. तरीही त्याने गाठलंच, संभाजीनगरात हिमरूचे हातमाग बोटांवर मोजण्याइतके उरलेत वगैरे सांगितलं, तर मान हलवून म्हणा, ‘कला जपली पाहिजे हो.’ जपायची कुणी, हे स्पष्ट करू नका.

4. वारली चित्रापुढे उभं राहून म्हणा, ‘हे तर आमचा चौथीतला बंड्याही काढतो.’ जिव्या सोमा म्हसे यांना 2011 साली पद्मश्री मिळाली, तेव्हा बंड्याचा जन्म झाला नव्हता, एवढंच.

5. कोल्हापुरी चपलेसमोर आवाज चढवा. 2025 च्या जूनमध्ये प्राडाने मिलानच्या रॅम्पवर तसलीच चप्पल दाखवली आणि कोल्हापूरचं नाव घेतलं नाही, म्हणून तुम्ही व्हॉट्सॲपवर किती पेटला होतात, ते कारागिराला ऐकवा. 2019 पासून या चपलेला भौगोलिक मानांकन आहे, हेही ऐकवा. मग भाव विचारा आणि निम्म्यावर या.

6. मातीचे दोन कप शेजारी ठेवून एक किंचित बुटका असल्याचं दाखवून द्या. आपल्याकडे सळईवर एफई 550 चा शिक्का असतो, सगळं कसं मापात. ‘हाताने केलेलं बघायला’ म्हणून तुम्ही आलात हे खरं, पण आता ते यंत्रासारखं एकसारखं नाही म्हणून नाक मुरडा. भाव मात्र यंत्राचाच मागा.

7. घोंगडी गालाला लावा आणि ‘टोचते’ म्हणून परत करा.

8. फोटो भरपूर काढा, विशेषतः ब्लाउजपीसवरच्या नक्षीचे. मावशींनी ‘फोटो नका काढू’ अशी पाटी लावली असेल तर ती फोटोत येणार नाही, एवढी काळजी घ्या. निघताना कार्ड मागून घ्या. ‘नक्की फोन करतो’ या वाक्यावर प्रदर्शनातल्या कुणाचाच विश्वास नसतो, त्यामुळे अपराधी वाटून घेऊ नका.

9. सरावलेले लोक शेवटच्या दिवशी रात्रीच जातात. गठ्ठे बांधायला सुरुवात झालेली असते, स्टॉलवरचा माणूस आठ-दहा दिवस उभा राहून थकलेला असतो, आणि उरलेला माल गावी न्यायचा तर टेम्पोचं भाडं डोक्यावर असतं. अशा वेळी ‘जाताना ओझं कशाला नेता मामा’ हे प्रेमाने म्हणायचं.

10. इतकं करून भूक लागेलच. मांड्यांचा स्टॉल कोपऱ्यात असतो. तिथला भाव पाटीवर लिहिलेला असतो आणि तो आपण मुकाट्याने देतो. पार्किंगचेही देतो. परतीच्या वाटेवर समृद्धीचा टोल फास्टॅगमधून कापला जातो. तिथे ‘काही कमी करा’ म्हणायला समोर कारागीर नसतो.