खेट्याचे आण्णा

कोल्हापुरात पेठ कुठलीही असो, तिथे एक आण्णा असतात आणि माघ महिन्यात त्यांना अचानक पद मिळतं. नेमणूक कुणी केलेली नसते. एरवी लग्नात अक्षता पडून पंगत बसल्यावर पोचणारा हा गृहस्थ खेट्याच्या रविवारी पहाटे तीन वाजता गल्लीत उभा राहून दारं बडवतो. ज्यांना जोतिबाला जायचं नाही, तेही उठतात.

जोतिबा दक्षिणेतलं काम आटोपून हिमालयाकडे परत निघाला, तेव्हा अंबाबाई कोल्हापुरातून अनवाणी वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर गेली आणि तिनं त्याला थांबवलं. म्हणून कोल्हापूरकर माघात पाच रविवार पायी डोंगर गाठतात; हेच खेटे. ही कथा आण्णा त्या वेळी सोबत चालल्यासारखी सांगतात आणि शेवटी नवख्याच्या बुटांकडे बघून विचारतात, "आता सांग भावा, आईच्या पायात काय हुतं?" नवखा मुकाट्यानं बूट पिशवीत टाकतो आणि ती पिशवी 17-18 किलोमीटर वागवतो. आण्णांच्या पायात मात्र जाड लोकरी मोजे असतात. "मोजं म्हंजे पायताण न्हवं," एवढा खुलासा त्यांना पुरेसा वाटतो.

शिवाजी पूल ओलांडला की आण्णा सगळ्यांच्या पुढे. वडणग्यापर्यंत त्यांचा वेग बघून धाकटी पोरं धास्तावतात. निगव्यात आण्णांना ओळखीचा माणूस भेटतो, कुशिऱ्यात सोयरा निघतो. दोन्हीकडे चहा. "दमलोय म्हणून न्हाई रे, न्हाई म्हटलं की माणूस नाराज हुतंय." चालताना बसायचं नाही, बसलं की पाय धरतात, हा त्यांचा मुख्य उपदेश. तो ते कट्ट्यावर बसून करतात. पंढरीची वारी त्यांनी कधी केलेली नाही, पण मत पक्कं आहे. "ते तीन-तीन आठवडं चालत्यात, मुक्काम टाकत. आमचं कसं, एका दमात, डोंगरासकट!"

दम संपतो तो गायमुखाच्या पुढे. तिथून चढ खरा लागतो आणि आण्णांचं बोलणं वाक्यांवरून शब्दांवर येतं, शब्दांवरून एकाच शब्दावर. "चांगभलं!" हा घोष किती सोयीचा आहे, हे चढ चढल्याशिवाय कळत नाही. घोष द्यायला थांबावं लागतं. मागच्यांनी उत्तर दिलं की पुन्हा द्यावा लागतो. हात वर करायचा, तर काठी टेकवून नीट उभं राहावं लागतं. मग भक्तीच्या नावाखाली मिनिटभर श्वास घेता येतो. दर आठ-दहा पायऱ्यांना आण्णांची भक्ती उचंबळते. पोरांना यातली मेख तिसऱ्या खेट्याला कळते, आणि चौथ्या खेट्याला तीच पोरं आण्णांच्या आधी ओरडतात. कपटी असली तरी आरोळी काही खोटी नसते. देवाचं नाव घेताना आण्णांचे डोळे खरंच भरून येतात, घामाचा भाग वजा जाता.

वर पोचल्यावर ते पुन्हा बोलके होतात. जोतिबाचं, म्हणजे केदारलिंगाचं, आजचं देऊळ 1730 साली राणोजी शिंद्यांनी बांधलं, हे ते प्रत्येकाला सांगतात. "पुढं उज्जैनला गेलं, राजं झालं. पर देऊळ बांधायला हितंच यावं लागलं!" आत ओळख आहे, थेट दर्शन होईल, असं वाटभर सांगितलेलं असतं. मग सगळ्यांबरोबर आण्णाही रांगेत उभे राहतात, कारण "वळखीचा आज नेमका रजेवर हाय."

गुलाल कपाळाला लागला, खोबऱ्याचा तुकडा तोंडात गेला, की पावलं बसच्या दिशेनं वळतात. कुणी आगाऊ पोरगं विचारतं, परत चालत नाही का जायचं? आण्णा त्याच्याकडे करुणेनं बघतात. "आई गेली कशी ते सांगितलंय. आली कशी, ते कथेत न्हाई."

बस खच्चून भरलेली. तेच पोरगं उठून त्यांना जागा देतं. आण्णा मोजे काढतात, तळवे चोळतात आणि मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं बजावतात, "पुढच्या ऐतवारी अडीचला निघायचं. आज तुमच्यामुळं उशीर झाला."