दीक्षा देणाऱ्यांची दीक्षा

यंदा प्रथम वर्षाचा एकही विद्यार्थी गोंधळणार नाही, याची चोख व्यवस्था झाली आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, व्हीएससी, एसईसी, एईसी अशी विषयगटांची सुबक रांगोळी काढली. ती समजावून सांगायला प्राध्यापक-कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण ओघानेच आले. नवागतांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाचा ‘दीक्षारंभ’ २०१९ पासून आहेच.

प्रशिक्षण कमालीचे यशस्वी झाले. ‘नॅक’ मूल्यांकनाच्या फायलीसाठी अक्षांश-रेखांशासह फोटो निघाले, पोह्यांआधीच अभिप्रायही भरून घेतले. ‘चार वर्षांचे नियोजन’ हा विषय तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांकडे सोपवला, हे फारच छान. स्वतःच्या पुढच्या सत्राचीच खात्री नसल्याने त्यांना अगदी अलिप्तपणे सल्ला देता येतो. आता प्रशिक्षकांना प्रशिक्षण देणाऱ्यांसाठीही एक उजळणी वर्ग तातडीने व्हावा, अशी आमची नम्र सूचना आहे.

पोरे मात्र अजूनही प्रवेशाच्या खिडकीपाशी शिपाईमामांनाच विचारतात. “मायनर ना? पोर्टलवर जागा दिसतेय तो घे, बाकीचे भरले,” ते सांगतात. काम दोन मिनिटांत होते.

मामांना प्रशिक्षणाला बसवायचे राहूनच गेले. ते त्या दिवशी सभागृहात खुर्च्या लावत होते.