उमरावकीचा भाव पन्नास हजार

‘सर’ व्हायचंय? दहा हजार पौंड. आपल्यामागे थोरल्या मुलालाही ‘सर’ म्हणवून घ्यायचंय? तीस ते चाळीस हजार. थेट उमराव होऊन हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये बसायचं असेल, तर पन्नास हजार आणि त्याच्या वर.

हा १९२० च्या आसपासचा लंडनचा भाव. किताब राजाच्या सहीने मिळायचा. दलाल होता मॉन्डी ग्रेगरी, आणि त्याचं ऑफिस संसदेच्या जवळच, पार्लमेंट स्ट्रीटवर. पैसा जमा व्हायचा पंतप्रधान डेव्हिड लॉइड जॉर्जच्या राजकीय निधीत.

ब्रिटनच्या पंतप्रधानांत सुमार माणसं पुष्कळ होऊन गेली. लॉइड जॉर्ज सुमार नव्हता. म्हणूनच त्याचा राग येतो.

बाप तो दीड वर्षाचा असताना वारला. वेल्समधल्या लानिस्टमडूई या खेड्यात मामाने वाढवलं. मामा चांभारकाम करायचा आणि रविवारी चर्चमध्ये प्रवचन द्यायचा. घरची भाषा वेल्श. इंग्रजी मातृभाषा नसलेला ब्रिटनचा आजवरचा हा एकमेव पंतप्रधान. शिकून वकील झाला, १८९० ची पोटनिवडणूक अवघ्या १८ मतांनी जिंकला आणि पुढची ५५ वर्षं त्याच मतदारसंघाचा खासदार राहिला.

अर्थमंत्री झाल्यावर त्याने जे केलं, त्यापुढे आजही मान झुकते. १९०९ च्या पहिल्या जानेवारीपासून सत्तरी ओलांडलेल्या गरीब म्हाताऱ्यांना आठवड्याला पाच शिलिंग पेन्शन सुरू झालं. १९११ मध्ये कामगारांसाठी आजारपणाचा विमा आला, काही धंद्यांत बेकारीचाही. यासाठी पैसा कुठून आणायचा, हे त्याने १९०९ च्या बजेटमध्ये सरळ सांगितलं होतं: श्रीमंतांकडून आणि जमीनदारांकडून. लंडनच्या लाइमहाउस भागात भाषण करून त्याने जमीनदारांना उघडं पाडलं. उमरावांनी बजेट फेटाळलं. १९१० मध्ये दोनदा निवडणुका झाल्या आणि १९११ च्या कायद्याने उमरावांचा नकाराधिकार संपला.

ज्याने उमरावांची रग उतरवली, त्याच्याच कारकिर्दीत दहा वर्षांच्या आत उमरावकीचे भाव ठरले.

हे का झालं, ते समजून घेतलं पाहिजे. कारण ‘सत्ता माणसाला बिघडवते’ म्हणून हात झटकणं हा आळस आहे. डिसेंबर १९१६ मध्ये, ऐन महायुद्धात, आपल्याच पक्षाच्या पंतप्रधानाला, अ‍ॅस्क्विथला, बाजूला सारून लॉइड जॉर्ज पंतप्रधान झाला. दोघांचा लिबरल पक्ष फुटला. पक्षाची यंत्रणा आणि तिजोरी अ‍ॅस्क्विथकडे राहिली. लॉइड जॉर्जकडे कीर्ती होती, बहुमत काँझर्व्हेटिव्ह पक्षाकडून उसनं घेतलेलं होतं, आणि स्वतःचा पक्ष असा नव्हताच. वर्गणी देणारे सभासद नाहीत, गावोगावच्या शाखा नाहीत. ती पोकळी त्याने रोकड्याने भरली. सरकारच्या हाती फुकट देता येईल आणि धनिक लोक वाटेल ती किंमत मोजतील अशी एकच वस्तू होती: किताब.

किताब विकायची सुरुवात त्याने केली नव्हती. आधीही दोन्ही पक्षांनी देणगीदारांना उमराव केलं होतं. लॉइड जॉर्जने त्याचा रोजचा व्यवहार केला. भागीदार काँझर्व्हेटिव्हही त्यात होते; आलेल्या पैशात त्यांचाही वाटा असे. पुढे त्यांनी आरडाओरडा केला, त्यात नीतीपेक्षा आपली गिऱ्हाइकं पंतप्रधान पळवतोय ही तक्रार मोठी होती. या प्रकरणात हात स्वच्छ असलेली माणसं थोडी. पंचम जॉर्ज बादशहा मात्र खरोखर संतापला होता.

पैसा कुठे जायचा? निवडणुकीत जायचा, तसा वर्तमानपत्रातही जायचा. १९१८ मध्ये ‘डेली क्रॉनिकल’ हे सरकारवर टीका करणारं वर्तमानपत्र पंतप्रधानाच्या मित्रमंडळींनी त्याच्या निधीच्या बळावर विकत घेतलं. टीका थांबली. गुप्त निधीचं खरं काम इथे दिसतं. नेत्याला लोकांचं ऐकावं लागू नये, याची सोय म्हणजे गुप्त निधी.

जून १९२२ च्या किताबांच्या यादीने कडेलोट केला. तीत दक्षिण आफ्रिकेतला खाणमालक सर जोसेफ रॉबिन्सन होता. भागधारकांना फसवल्याबद्दल कोर्टाने त्याला सुमारे पाच लाख पौंड भरायला लावले होते, आणि त्याचं अपील प्रिव्ही कौन्सिलने काही महिन्यांपूर्वीच नाकारलं होतं. महायुद्धात इंग्लंडचा कर टाळण्यासाठी धंदा अर्जेंटिनात हलवणारा विल्यम व्हेस्टीही त्याच यादीत होता. फ्रान्सच्या चिखलात मेलेल्यांची आईबापं अजून शोकात असताना राष्ट्र कोणाचा सन्मान करतंय, हे सगळ्यांनी पाहिलं. संसदेत रान उठलं. रॉबिन्सनला किताब नाकारावा लागला. व्हेस्टी लॉर्ड झाला.

१७ जुलै १९२२ ला कॉमन्समध्ये या बाजारावर चर्चा झाली. त्यानंतर दोन आठवड्यांनी, २ ऑगस्टला, त्याच सभागृहात लॉइड जॉर्जने हिंदुस्थानवर भाषण केलं. हिंदुस्थानातली ब्रिटिश सनदी नोकरशाही ही तिथल्या कारभाराची पोलादी चौकट आहे, ती काढली तर इमला कोसळेल, असं त्याचं म्हणणं. ज्याच्या दारात राजाच्या किताबांचा लिलाव चालला होता, तो माणूस स्वराज्य मागणाऱ्यांना कारभाराची पात्रता शिकवत होता. हा उर्मटपणा होता, आणि त्याला उर्मटपणाच म्हटलं पाहिजे.

१९ ऑक्टोबर १९२२ ला कार्ल्टन क्लबात काँझर्व्हेटिव्ह खासदारांनी आघाडी मोडली. कारणं अनेक होती: आयर्लंडचा करार, तुर्कस्तानशी युद्धाच्या काठावर नेणारं चानाक प्रकरण आणि किताबांची दुर्गंधी. लॉइड जॉर्ज त्याच दिवशी पायउतार झाला. वय ५९. त्यानंतर २२ वर्षं जगला, पण एकदाही मंत्रिपद मिळालं नाही.

या सगळ्याची किंमत त्याच्या देशाने मोजली. १९२९ च्या निवडणुकीत बेकारीवर सगळ्यात विचारी योजना लॉइड जॉर्जची होती. सरकारने कर्ज काढून रस्ते, घरं, वीज यांची कामं हाती घ्यावीत आणि लोकांना रोजगार द्यावा. खुद्द अर्थतज्ज्ञ केन्स तिच्या पाठीशी उभा होता. लोकांनी त्याच्या लिबरल पक्षाला फक्त ५९ जागा दिल्या. निधी अजून लॉइड जॉर्जच्याच मुठीत होता, आणि त्यावरून पक्षात भांडणं चालू होती. योजना चांगली आणि माणूस बेभरवशाचा, असा तो पेच होता. त्यानंतर मंदी आली आणि ब्रिटनमधल्या लाखो बेकारांनी पुढची वर्षं भत्त्याच्या रांगेत काढली.

१९२५ मध्ये किताबविक्री हा गुन्हा ठरवणारा कायदा झाला. १९३३ मध्ये त्याखाली ग्रेगरीला शिक्षा झाली: दोन महिने तुरुंग आणि ५० पौंड दंड. ज्यांच्यासाठी त्याने दलाली केली, त्यांच्यातला एकही कोर्टात उभा राहिला नाही. तसा आरोप पुढेही झाला: २००६ मध्ये सत्ताधारी पक्षाला कर्ज देणाऱ्यांना उमरावकी देऊ केल्याच्या आरोपावरून पोलिसांनी पंतप्रधान टोनी ब्लेअरची साक्षीदार म्हणून चौकशी केली. २००७ मध्ये कोणावरही खटला न भरता प्रकरण बंद झालं. आणि लॉइड जॉर्जचं काय झालं? फेब्रुवारी १९४५ मध्ये, मरणाआधी सहा आठवडे, लाइमहाउसमध्ये उमरावांना झोडपणारा हा माणूस स्वतःच अर्ल, म्हणजे उमराव, झाला.

‘त्याने गरिबांना पेन्शन दिलं, युद्ध जिंकून दिलं, थोडं इकडेतिकडे चालायचंच,’ असं त्याचे चाहते तेव्हा म्हणत आणि अजूनही म्हणतात. हे मला मुळीच मान्य नाही. म्हाताऱ्याला मिळालेले पाच शिलिंग हा त्या म्हाताऱ्याचा हक्क होता. नेत्याने पुढे केलेल्या लबाडीचा तो आगाऊ हप्ता नव्हे. उलट नेता जितका कर्तबगार, तितका त्याच्या निधीचा हिशेब कडक हवा. नालायकाचा गुप्त निधी लवकर उघडा पडतो, कारण त्याच्यावर कोणाचाच विश्वास नसतो. कर्तबगाराचा वर्षानुवर्षं झाकलेला राहतो, कारण त्याचे उपकार आठवून लोक मान खाली घालतात. कोणी दिले, किती दिले आणि त्याबदल्यात काय मिळालं, हे तीन प्रश्न आपल्या सगळ्यात लाडक्या नेत्याला सगळ्यात आधी विचारा.