फायबर सरळ, गाडी वाकडी

वसईची हवा माणसाला मानवते, लोखंडाला मानवत नाही. पश्चिमेला समुद्र, दक्षिणेला खाडी, अधूनमधून मिठागरं. गेटाला रंग लावून रंगाऱ्याचे पैसे आणायला आत जावं, तर बाहेर येईपर्यंत बिजागरीपाशी तांबूस डाग हजर. अशा हवेत, भुईगावच्या वाडीत, चिकूच्या झाडाखाली माझ्या सासऱ्यांची १९७५ सालची प्रीमियर पद्मिनी उभी असते. तिचा पुढचा बंपर लांबून झकास दिसायचा. क्रोम चकाकत होतं. फक्त क्रोमच्या मागे जे लोखंड असायला हवं, ते बऱ्याच ठिकाणी रजा घेऊन गेलं होतं. एका रविवारी सासऱ्यांनी बुटाची नाडी बांधायला सवयीने त्यावर पाय ठेवला आणि बंपरचा डावा कोपरा सुटून त्यांच्या दुसऱ्या पायाशी आला.

‘गंज’ हा शब्द त्या गाडीसमोर उच्चारायचा नाही असा घरात दंडक आहे. “जरा सैल झालाय,” सासरे म्हणाले.

गाडीचं कुळ मोठं. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली आणि पुढे कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाटच्या गाड्या बनू लागल्या. आमच्या गाडीच्या थोरल्या बहिणीचं नाव फियाट ११०० डिलाइट. मग काही काळ तीच प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि १९७४ पासून पद्मिनी. अध्यक्षपद सोडून चितोडची राणी होणं दुसऱ्या कुठल्या देशात कुणाला जमलं असेल असं वाटत नाही. इंजिन १०८९ सीसीचं, गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी, आणि बंपर असा की त्यावर उभं राहून वरात बघावी. याच बंपरने बंद पडलेला टेम्पो ढकलत पापडीपर्यंत नेल्याची हकिकत आम्ही दर दिवाळीला ऐकतो. टेम्पोत काय भरलं होतं ते दरवर्षी बदलतं. केळीपासून सुरुवात झाली होती, गेल्या वर्षी बँडपथक होतं.

तर दुसरा बंपर आणायला आम्ही कुर्ल्याला, सीएसटी रोडवर गेलो. जिथे गाडी जन्मली त्या कारखान्याच्या जागी आता कोहिनूर सिटीचे टॉवर आहेत. तिकडे पाहून सासऱ्यांनी टोपी काढली, ती उन्हामुळे की आदरामुळे ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटच्या पद्मिनी टॅक्सीला निरोप दिला गेला, पेपरांत फोटो आले, आणि कालपर्यंत भंगार विकणारी माणसं तेव्हापासून पुराणवस्तू विकू लागली आहेत. एका दुकानदाराने पोत्यातून बंपर काढला. तो आमच्या बंपरपेक्षा दोन पावलं पुढे गेलेला होता.

“साहेब, ओरिजिनल आहे.”

“यावर हे काय आहे?”

“तेपण ओरिजिनल आहे.”

किंमत ऐकून आम्ही उसाचा रस प्यायलो आणि परत आलो.

फायबरची कल्पना माझ्या भाच्याची. तो मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, म्हणजे आत्मविश्वास पूर्ण आणि अभ्यासक्रम अपूर्ण. “मामा, फायबर गंजत नाही. १९५३ पासून अमेरिकेत कॉर्व्हेटची अख्खी बॉडी फायबरची बनते. आपल्याकडे बंगळूरच्या सिपानीने ८२ साली डॉल्फिन काढली, तीपण फायबरची.”

“आणि मारुती आल्यावर ती डॉल्फिन कुठल्या समुद्रात गेली?” सासरे.

मला मात्र इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी आठवले. त्यांनी स्वतःच्या हिमतीवर ‘मीरा’ नावाची आख्खी छोटी मोटार तयार केली होती. ती कारखान्यातून हजारोंनी बाहेर पडली नाही, हा भाग सोडू. एका मराठी माणसाने पूर्ण गाडी बनवली असेल, तर आम्ही तिघांनी मिळून एक बंपर बनवायला काय हरकत होती?

हरकत डिझाइनची होती. भाच्याला खाली झुकलेला, मधे हवेला जाळी ठेवलेला, दोन फॉग लाइटचे खड्डे असलेला बंपर हवा होता. मद्रासजवळ शोलावरमला फियाट गाड्या शर्यतीत पळायच्या, तो जमाना त्याला परत आणायचा होता. सासऱ्यांना होता तस्साच बंपर हवा होता, फक्त नवा. बायकोचं म्हणणं एवढंच की नंबर प्लेट सरळ दिसावी, कारण आजवर ती कधीच सरळ दिसलेली नाही. शेजारच्यांच्या मुलीचं नाताळानंतर चर्चमध्ये लग्न होतं आणि नवरी याच गाडीतून जाणार हे ठरलेलं. त्यामुळे शेजारच्या काकींची दुरुस्ती आली की रिबीन बांधायला मधे कुठेतरी आकडा ठेवा. भाच्याच्या बंपरची खालची कड जमिनीपासून चार बोटं. ते चित्र घेऊन मी त्याला वसई पूर्वेच्या रस्त्यावर जुलै महिन्यात फिरवून आणलं. घरी येऊन त्याने न बोलता कड वर घेतली.

पॅटर्न करायला त्याने माळ्यावरचं थर्माकोल काढलं. २०१८ च्या बंदीपासून गणपतीच्या मखराचे खांब तसेच पडून होते. दोन दिवस कोरून त्याने खरोखर देखणा आकार काढला, त्यावर थेट रेझिन ओतलं, आणि आमच्या डोळ्यांदेखत तो आकार सुस्कारा टाकून खाली बसला. पॉलिएस्टर रेझिनमध्ये स्टायरिन असतं आणि ते थर्माकोलला खातं, हे चौथ्या सत्रात शिकवतात म्हणे. तेव्हा हा वर्गात नसावा.

मग आम्ही सातिवलीच्या एका गाळ्यात गेलो.

वसई-विरारला फायबर नवं नाही. पोर्तुगीज काळात इथे जहाजं बांधली जात. आता लाकडी होड्यांच्या पोटाला फायबरचा थर देतात. वॉटर पार्कच्या घसरगुंड्या, पाण्याच्या टाक्या, कचऱ्याचे डबे, सगळं याच पट्ट्यातून निघतं. आणि नायगावला मालिकांचे सेट पडल्यापासून तर राजवाडेही. गाळ्यात शिरल्यावर उजवीकडे सिंहासन होतं, डावीकडे ऐरावताचा पुढचा अर्धा भाग, आणि मागे भिंतीला टेकून खांबांची एक अख्खी दरबारी रांग. मधे लुंगी गुडघ्यापर्यंत दुमडून कारागीर दादा बसलेले. मूळचे पेणचे, घराणं गणपतीच्या मूर्तींचं. लहानपणापासून हात साच्यात.

त्यांनी चित्र पाहिलं. उलटं करून पाहिलं. “आयाळ कुठे आहे?”

“कसली आयाळ?”

“सिंहाची. पुढचा भाग म्हणालात ना?”

बंपर आहे असं सांगितल्यावर त्यांचा चेहरा किंचित उतरला, पण अडचण त्यांनी पहिल्याच नजरेत पकडली, जी लॅपटॉपला चार दिवस दिसली नव्हती. बंपरची दोन्ही टोकं मडगार्डाभोवती आत वळतात. एकसंध साच्यात माल तयार झाला की तो त्या वळणांत अडकून बसणार. “सोंडेचा गणपती एका साच्यातून निघतो का? नाही निघत. याचा साचा तीन तुकड्यांत करायचा, मधे पट्ट्या ठेवून नटबोल्टने आवळायचा. निघायच्या वेळी बोल्ट सोडले की झालं.” भाचा वहीत लिहून घेत होता. चार वर्षांच्या फीपैकी तेवढे पैसे वसूल झाले असं मी मनाशी धरलं.

पॅटर्न आता प्लास्टर आणि लाकडाचा. त्यावर लांबी भरायची, पॉलिश पेपर मारायचा, पुन्हा लांबी, पुन्हा पेपर. या कामात बुद्धी लागत नाही म्हणून ते मला दिलं होतं. मग वॅक्स, वॅक्सवर जेलकोट, त्यावर रेझिनमध्ये भिजवलेली काचेच्या धाग्यांची मॅट, थरावर थर, आणि प्रत्येक थरातली हवा ब्रशने ठोकून ठोकून बाहेर. असा आधी साचा, मग त्यात तसाच बंपर. हवेचा एक बुडबुडा राहिला तर पुढे तिथेच फुटणार. केमिकलच्या बाबतीत दादा कडक. रेझिनमध्ये आधी कोबाल्ट घालून नीट ढवळायचं, हार्डनर नंतर, शंभराला एक-दोन या मापाने. “या दोघांना एकमेकांशी थेट भेटू द्यायचं नाही. भेटले की भडका.”

“जावई-सासरे आहेत का?” सासऱ्यांनी विचारलं आणि माझ्याकडे पाहिलं.

श्रावण चालू होता, हवा दमट, बंपर वाळेना. सासऱ्यांनी हार्डनर जरा सढळ हाताने घालण्याची सूचना केली. दादांनी ती नम्रपणे फेटाळली. जास्त घातलं तर माल तापतो, तडकतो, डब्यातून धूर येतो. सूचना फेटाळली गेल्यामुळे सासरे एका मगातलं उरलेलं रेझिन शांतपणे स्वतःच्या पेनने ढवळत बसले. तो मग, त्यात ताठ उभ्या पेनसह, आज त्यांच्या टेबलावर आहे. पाहुण्यांना ते “पेनस्टँड” असं सांगतात.

फायबर घासताना जी धूळ उडते तिच्याबद्दल मला कुणी सांगितलं नव्हतं. ती काच असते. डोळ्यांना दिसत नाही, कातडीला कळते. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून परतताना संध्याकाळच्या विरार लोकलमध्ये मी मानेपासून कमरेपर्यंत खाजवत उभा राहिलो. बोरिवलीपर्यंत आजूबाजूची चार माणसं उठून गेली. विरार फास्टमध्ये चौथ्या सीटसाठी लोकांची मैत्री तुटते. मला खिडकी मिळाली.

बंपर निघाला तो दिवस मोठा होता. बोल्ट सोडले, लाकडी पाचर मारली, कडकड आवाज झाला आणि गुळगुळीत राखाडी बंपर हातात आला. हलका इतका की सासऱ्यांनी तो एका हाताने उचलला आणि अविश्वासाने दुसऱ्या हातात दिला. गाडीला लावून पाहिला तर उजवीकडे चपखल, डावीकडे दोन बोटं फट. दादांनी साहूल धरली, फूटपट्टी धरली, गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली.

“साहेब, फायबर सरळ आहे. गाडी वाकडी आहे.”

वाडीत शांतता पसरली. पन्नास वर्षांत त्या गाडीने जे जे ढकललं होतं, त्या सगळ्याचा हिशेब डाव्या मडगार्डात लांबीच्या थरांखाली जमा होता. डेंटिंग करणाऱ्या चाचांनी लोहचुंबक फिरवून पाहिलं. कितीतरी जागी ते चिकटलंच नाही. म्हणजे आमच्या आधीही या गाडीत लोखंड कमी आणि भरणा जास्त होता. गाडी सरळ करायचा खर्च ऐकल्यावर बंपर वाकडा करायचं एकमताने ठरलं.

राहता राहिला कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं, मूळ नोंदीपेक्षा वेगळी गाडी करायची नाही. शिवाय २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षं झालेली गाडी ‘विंटेज’ म्हणून नोंदवता येते, नवी नंबरमालिका मिळते, पण सांगाडा, बॉडी आणि इंजिन मूळचं हवं. बंपर बॉडीत धरायचा की नाही, यावर भुईगाव ते विरारच्या आरटीओपर्यंत जेवढी माणसं भेटली तेवढी मतं मिळाली. सासऱ्यांनी जुना बंपर फेकू दिला नाही, याचं एक कारण ते होतं. दुसरं कारण पुढच्या आठवड्यात कळलं.

कारण आता जे सुरू झालं आहे त्याला इलाज नाही. फायबर गंजत नाही, पण वाकतही नाही. धक्का बसला की चिरतं. जो बंपर टेम्पो ढकलायचा त्याच्या जागी आलेला हा नाजूक जावई शेळी आडवी आली तरी थांबतो. गतिरोधक आला की बायको उतरते, वाकून बघते आणि हाताने खूण करते. पार्किंगला लावल्यावर पुढे दोन हात जागा सोडतो, तिथे कुणी स्कूटर लावली की सासरे खिडकीतून ओरडतात. चिकूखाली गाडी उभी करताना भिंतीला लागू नये म्हणून त्यांनी भिंतीत दोन खिळे ठोकले आणि जुना लोखंडी बंपर आडवा बसवला. बंपरचं रक्षण करायला बंपर. मला त्यात काही चूक सापडत नाही.

लग्नात नवरीपेक्षा काकींच्या आकड्यालाच जास्त फोटो मिळाले.

परवा रात्री जेवताना टीव्हीवर एक पौराणिक मालिका लागली होती. दरबार भरला होता, खांबांची रांग ओळखीची वाटत होती. असुरांचा राजा सोनेरी सिंहासनावर येऊन बसला. सिंहासनाच्या पाठीला वर छान कमान होती, दोन्ही टोकं आत वळलेली, दोन बाजूंना दोन गोल खड्डे, त्यांत लाल मणी. डावीकडे दोन बोटं फट. दादांनी साचा फुकट जाऊ दिला नव्हता.

भाचा घास तोंडात ठेवून थांबला. सासरे चष्मा लावून टीव्हीजवळ गेले, राजाच्या डोक्यामागे बराच वेळ बघत राहिले आणि बायकोकडे वळून म्हणाले, “तुझी नंबर प्लेट इथे मात्र सरळ बसली असती.”