गाडी विका, पैसे दान करा

मर्सिडीजने आपल्या श्टुटगार्टच्या संग्रहालयात 5 मे 2022 रोजी एक गाडी लिलावाला काढली. 1955 सालची 300 एसएलआर उलेनहाउट कूपे. अशा दोनच गाड्या बनल्या होत्या. बोली थांबली ती साडेतेरा कोटी युरोंवर, म्हणजे तेव्हाच्या भावाने अकराशे कोटी रुपयांच्या आसपास. तोवर कुठल्याही मोटारीला एवढी किंमत आली नव्हती. त्या पैशांतून कंपनीने 16 ते 28 वयाच्या, पर्यावरणावर काम करू पाहणाऱ्या मुलामुलींसाठी शिष्यवृत्ती उभी केली. पहिल्या तुकडीत भारतातली मुलंही होती.

ही कंपनी आपल्या पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्याला परकी नाही. 1995 मध्ये तिची पहिली भारतीय गाडी पिंपरीत टेल्कोच्या आवारात जोडली गेली आणि 2009 पासून कारखाना चाकणला आहे. म्हणूनच प्राधिकरणापासून मोशीपर्यंत ज्यांच्या पार्किंगमध्ये एखादी जुनी, देखणी, दुर्मीळ गाडी कव्हरखाली उभी आहे, त्यांच्यापुढे हे उदाहरण ठेवतो. तुमच्या गाडीला अकराशे कोटी येणार नाहीत. पण रीत हीच धरा.

दानाची ऊर्मी आली की माणूस थेट किल्ली संस्थेच्या हातात ठेवतो. पुढचं ओझं संस्थेवर पडतं. उभ्या राहिलेल्या गाडीचं काय होतं ते कुठल्याही जुन्या मेकॅनिकला विचारा. पेट्रोल शिळं होतं आणि कार्बोरेटरच्या जेटमध्ये चिकट थर धरतो. टायर जिथे जमिनीला टेकतो तिथे चपटा बसतो. ब्रेकच्या सिलिंडरमधलं रबर कडक होतं, पिस्टन जाम होतो. उंदीर वायरिंग कुरतडतात. बालगृह चालवणाऱ्या बाईंनी मुलांच्या जेवणाची सोय बघायची की या गाडीसाठी परदेशातून ब्रेकचे किट मागवायचे?

आणि ती वापरायची तरी कुठे? 2021 च्या नियमांनुसार मूळ रूप राखलेल्या, पन्नास वर्षांहून जुन्या गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी होते. नव्या नोंदणीची फी 20 हजार रुपये, मुदत दहा वर्षं, नंबर प्लेटवर ‘व्हीए’ ही अक्षरं. अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही आणि धंद्यालाही चालत नाही. लग्नाच्या वरातीला भाड्याने देऊन संस्थेने चार पैसे मिळवावेत, तर तेही नियमात बसत नाही.

करसवलतीबद्दलही मोठा गैरसमज आहे. अमेरिकेत लोक जुन्या गाड्या संस्थांना देतात आणि त्यावर करात सूट घेतात, हे ऐकून आपल्याकडेही अनेकांना तसंच वाटतं. आपल्याकडे देणगीवरची, ‘80 जी’ नावाने ओळखली जाणारी वजावट वस्तू दिल्यावर मिळत नाही, पैसे दिल्यावरच मिळते. तीही जुन्या करप्रणालीत, आणि रोखीने दिलेत तर फक्त 2 हजारांपर्यंत. म्हणजे गाडी देणाऱ्याच्या हाती सवलत नाही आणि घेणाऱ्याच्या गळ्यात खर्च.

कव्हरखाली ठेवण्यातही शहाणपण नाही. 1983 मध्ये 20 हजारांना घेतलेली 1931 ची एक फोर्ड पुढे 21 लाखांना विकली गेली. गाडी वैयक्तिक वापराची आहे, म्हणून नफ्यावर कर लागू नये, असं मालकाचं म्हणणं होतं. मुंबई उच्च न्यायालयाने 2024 मध्ये ते मान्य केलं नाही. गाडी वापरण्याजोगी असणं पुरेसं नाही, ती स्वतःसाठी वापरली हे दाखवावं लागतं. तेव्हा विकण्याआधी चांगल्या सीएकडे जा. कर भरूनही जे उरेल, ते कव्हरखालच्या गाडीपेक्षा संस्थेच्या कितीतरी जास्त उपयोगाचं असेल.

रुपयांतही हे जमतं. 2020 मध्ये महिंद्राने नव्या थारची पहिली गाडी लिलावात काढली. दहा लाखांच्या आतबाहेर सुरू होणाऱ्या गाडीला 1 कोटी 11 लाखांची बोली आली. कंपनीने तेवढीच भर घातली आणि पैसे रायगडच्या गावांत काम करणाऱ्या स्वदेस फाउंडेशनला गेले. स्वदेसला त्या थारचा विमा, टायर, पार्किंग यांतलं काहीच बघावं लागलं नाही.

गाडी तशीच देण्याला माझा एकच अपवाद: शिकवणारी संस्था. महापालिकेच्या मोरवाडी आयटीआयसारख्या ठिकाणी जुनं कार्बोरेटरचं इंजिन सोन्याच्या मोलाचं आहे. आजच्या गाडीत इंधन आणि ठिणगी दोन्हींचं गणित संगणक करतो, मुलाला स्कॅनरवर फक्त कोड दिसतो. जुन्या इंजिनात तो फीलर गेजची पातळ पट्टी पॉइंटमध्ये सरकवतो, अंतर लावतो, स्क्रू आवळतो, सेल्फ मारतो आणि बिघाड कुठे होता ते कानाने ओळखतो. चाकणच्या लाइनवर उद्या हाच मुलगा उभा राहणार आहे. पण तिथेही गाडीबरोबर पाच वर्षांच्या देखभालीचा चेक द्या, आणि आरसी, विमा, हस्तांतराचे फॉर्म 29 व 30 सह्या करून द्या. कागदांशिवाय दिलेली गाडी आवारात गंजत पडते.

घरच्यांचा आक्षेप ठरलेला असतो: आजोबांची गाडी परक्याच्या घरात जाणार. श्टुटगार्टमध्ये यावरही तोड काढली होती. जोडीची दुसरी गाडी संग्रहालयात राहिली आणि विकलेली गाडीही खास प्रसंगी लोकांना बघायला मिळेल, हे खरेदीदाराने कबूल केलं. तुम्हीही सौद्यात एक अट घाला: वर्षातून एक दिवस गाडी मोरवाडीच्या आवारात येईल, बॉनेट उघडं असेल आणि मुलांना हात लावायला परवानगी असेल. गाडीवर खरं प्रेम असलेला खरेदीदार याला नाही म्हणणार नाही. जो म्हणेल, त्याला विकू नका.